पाऊल उचलणारी वीज

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या अनेक रुग्णांची चप्पल पुढच्या बाजूला आधी झिजते. पाऊल लोंबते, अंगठा फरशीला घासतो, उंबरठ्याला ठेच लागते. पायातली नस मात्र बहुधा शाबूत असते. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे आवरण खराब झाल्याने हुकूम तिथवर नीट पोचत नाही. म्हणून गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, नस हाडाला वळसा घालते तिथे, चिकटपट्टीतून सौम्य विद्युतप्रवाह देतात. टाच उचलली की बुटातले बटण प्रवाह सुरू करते, पाऊल वर येते. टाच टेकली की प्रवाह थांबतो. लिबरसन यांनी 1961 मध्ये पक्षाघातासाठी मांडलेली ही कल्पना इंग्लंडमधल्या सॉल्झबरीत पुढे विकसित झाली.

यंत्र काढले की पाऊल पुन्हा लोंबते, मग हा उपचार कसला, असा आक्षेप घेतात. त्यात तथ्य आहे. सॉल्झबरीतल्याच एका चाचणीत यंत्राविना चालण्याचा वेग यंत्र वापरणाऱ्यांपेक्षा व्यायाम करणाऱ्यांचा जास्त सुधारला. पण 18 आठवड्यांतल्या पडण्यांचा मध्यक व्यायामगटात 18 होता, यंत्रगटात 5. न पडणे ही काय लहान गोष्ट आहे? चष्मा काढल्यावर धूसर दिसते म्हणून आपण चष्मा टाकून देत नाही. व्यायामाला हा पर्याय नाही, जोड आहे. पाऊल लोंबत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे याची चौकशी जरूर करा, आणि पेसमेकर असल्यास ते आधी सांगा.