स्टीफन स्टेप्स आउट
स्टीफन स्टेप्स आउट : अमेरिकन मूकचित्रपट (१९२३). दिग्दर्शक जोसेफ हेनाबेरी. विख्यात अभिनेता डग्लस फेअरबँक्स (१८८३–१९३९) याचा पुत्र कनिष्ठ डग्लस फेअरबँक्स (१९०९–२०००) हा या चित्रपटाद्वारे नायक म्हणून पडद्यावर आला. हा चित्रपट आज नष्ट मानला जातो.

कथानक रिचर्ड हार्डिंग डेव्हिसच्या एका लघुकथेवर आधारलेले होते. तुर्कस्तानच्या इतिहासात अनुत्तीर्ण झालेला एक धनिकपुत्र त्या देशात जातो आणि आपल्यामुळे नोकरी गमावून बसलेल्या वृद्ध अध्यापकाला तेथील राजसन्मान मिळवून देतो, असे त्याचे सूत्र. अध्यापकाची भूमिका थिओडोर रॉबर्ट्सने केली. त्याच वर्षीच्या द टेन कमांडमेंट्स मधील मोझेसही तोच.

तेरा वर्षांच्या या मुलाची निवड अभिनयगुणांपेक्षा आडनावामुळे झाली. थोरल्या फेअरबँक्सचे चित्रपट पूर्वी पॅरामाउंटतर्फे वितरित होत. १९१९ मध्ये त्याने मेरी पिकफर्ड, चार्ली चॅप्लिन व डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्यासह युनायटेड आर्टिस्ट्स ही स्वतंत्र संस्था स्थापिली. बाप हातचा गेला तरी त्याचे नाव जाहिरातीत झळकावे, हा पॅरामाउंटच्या जेसी लास्कीचा हिशेब उघड दिसतो. दिग्दर्शकही वडिलांचे चित्रपट पूर्वी दिग्दर्शित केलेलाच नेमला गेला. वडिलांचा या उपक्रमास सक्त विरोध होता. तथापि आईवडिलांचा घटस्फोट झालेला होता, मुलगा आईजवळ वाढत होता व तिची सांपत्तिक स्थिती खालावली होती. त्यामुळे करार स्वीकारला गेला.

चित्रपट अपयशी ठरला. रॉबिन हुड (१९२२) मधील पित्याची धाडसे पाहिलेल्या प्रेक्षकांपुढे शाळकरी पोराची विनोदिका ठेवणे हा मुळातच फसवा सौदा होता, आणि त्याची झळ मुलाला लागली. पुढे काही वर्षे त्याला दुय्यम भूमिकांवर भागवावे लागले. स्टेला डॅलस (१९२५), लिटल सीझर (१९३१), द प्रिझनर ऑफ झेंडा (१९३७) आणि वायव्य सरहद्द प्रांताची पार्श्वभूमी असलेला गंगा दीन (१९३९) या चित्रपटांनी त्याला स्वतःची ओळख मिळाली.

त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते व अयोग्य साठवणीत कुजते. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटांच्या प्रती जपण्यात निर्मात्यांना लाभ दिसेना. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १९१२–२९ या काळातील सु. ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. प्रस्तुत चित्रपटाची कल्पना आता स्थिरचित्रे, समकालीन परीक्षणे आणि नायकाचे द सॅलड डेज (१९८८) हे आत्मचरित्र यांवरूनच करता येते.