मेळघाटच्या लेकींचा वारसा

परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहमार्गे धारणीकडे निघाले, म्हणजे दुतर्फा जी वावरे लागतात, त्यांतील पेरणी, निंदण आणि कापणी यांचा मोठा भार कोरकू स्त्रियांच्या अंगावर असतो. परंतु त्याच वावरांच्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून त्यांची नावे शोधू गेल्यास ती फार थोडी सापडतात. खाली अचलपूरच्या सपाटीवरील शेतकऱ्याच्या मुलीलाही आपला वाटा सुखासुखी मिळत नाही, हे खरे; तरी निदान कायदा तिच्या बाजूस उभा आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने तिला वारस ठरविले आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत भावाइतकाच जन्मसिद्ध हक्क तिला दिला. कोरकू वा गोंड मुलीला मात्र त्याच अधिनियमाच्या कलम २, पोटकलम २ ने दाराबाहेर ठेवले आहे. कारण केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून अन्यथा फर्मावीत नाही, तोपर्यंत हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही.

हा अपवाद द्वेषबुद्धीने केलेला नव्हता. जमातींचे व्यवहार त्यांच्या रूढीप्रमाणे चालावेत, हा त्यामागील हेतू आदराचाच होता. शिवाय लेकीच्या पावलांनी जमीन परक्या कुळात जाईल आणि तेथून बिगर-आदिवासी सावकाराच्या हाती पडेल, ही भीतीही अनेकांच्या मनात होती व आहे. परंतु त्या भीतीवरचा इलाज महाराष्ट्राने १९७४ सालीच केला. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि हे बंधन भाऊ व बहीण या दोघांवर सारखेच आहे. मग जमातीची जमीन राखण्याचा सारा बोजा एकट्या बहिणीच्या हक्कावर का टाकावा, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कोणाकडून मिळालेले नाही.

बरे, रूढी लावावी म्हटले, तर ती लिहिली आहे कोठे? विदर्भातील गावांच्या वाजिब-उल-अर्जात पाण्याचा, वहिवाटीच्या वाटेचा आणि मासेमारीचा रिवाज नोंदविण्याची तरतूद आहे. लेकीच्या वाट्याला त्यात रकाना नाही. तेव्हा गावचे पंच सांगतील तो रिवाज, आणि त्या पंचांत बाई क्वचितच बसलेली. वस्तुतः कोरकूंमध्ये लमझना ठेवण्याची जुनी चाल आहे. जावई सासऱ्याच्या घरी राहतो, त्याचे वावर कसतो आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात मुलीशी संसार थाटतो. लग्न झाले की बापाच्या जमिनीशी लेकीचे नाते तुटलेच, असे ज्या समाजाची स्वतःची चाल म्हणत नाही, त्याच्या नावावर हा सिद्धांत इतक्या सहजपणे का खपविला जातो, याचा विचार झाला पाहिजे.

या प्रश्नातून न्यायालयांनाही वाट एकदम सापडली नाही. छोटानागपूरच्या आदिवासी स्त्रियांसंबंधीच्या मधु किश्वर खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पुरुष वंशजांनाच वारस मानणारा तेथील कायदा रद्द करण्याचे बहुमताने नाकारले. मात्र स्त्री वंशजांचा उदरनिर्वाह त्या जमिनीवर चालतो आहे तोवर पुरुषांचा वारसाहक्क स्थगित राहील, असे ठरविले. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने एका आदिवासी मुलीचा दावा फेटाळला, पण त्याच निकालात केंद्र सरकारला उत्तराधिकार अधिनियमाच्या वरील पोटकलमाचा फेरविचार करण्यास सांगितले. आणि १७ जुलै २०२५ रोजी न्या. संजय करोल व न्या. जॉयमाल्य बागची यांच्या पीठाने छत्तीसगडातील एका गोंड स्त्रीच्या वारसांना तिच्या बापाच्या मिळकतीत वाटा देताना प्रश्नच उलटा केला. मुलीला वाटा देणारी रूढी तिने सिद्ध करावी, ही अपेक्षाच खालच्या न्यायालयांची चूक होती. वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिला वगळणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील समतेचा भंग होय. मेळघाटच्या मुलीच्या हाती आज जर काही शस्त्र असेल, तर ते हे आहे.

परंतु दिल्लीचा निकाल आपल्या पायांनी तलाठ्याच्या सज्जावर येत नाही. बाप वारला, की मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र घेऊन मुलगे जातात. वारस नोंदवहीत नावे चढतात, फेरफार पडतो, हितसंबंधीयांना नोटीस निघते, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत उलटते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या अवधीत बहीण दोन गावे पलीकडे सासरी असते. वंशावळीत तिचे नाव आलेच नसले, तर नोटीसही तिच्याकडे जात नाही. कधी नाव येते, पण भोगवटादाराच्या रकान्यात नव्हे, तर शेजारच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात. सातबारा हातात धरून पाहिला तर डावी बाजू मालकांची आणि उजवीकडे कर्ज, बोजा, विहीर यांच्या सोबतीला बहिणीचे वा आईचे नाव. कधी तिच्याकडून साध्या कागदावर हक्क सोडल्याचा अंगठा घेतला जातो. स्थावर मिळकतीतील हक्क असा सुटत नाही, हक्कसोडपत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी व्हावी लागते, आणि फेरफार झाला म्हणून मालकी ठरली असेही होत नाही, दिवाणी दावा खुला राहतो. या तीन गोष्टी त्या क्षणी तिला सांगणारे कोणी जवळ असते, तर पुढील कित्येक खटले उद्भवलेच नसते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्री म्हणून आणि अनुसूचित जमातीची व्यक्ती म्हणून, अशा दुहेरी नात्याने, उत्पन्न कितीही असो, तिला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. अमरावती आणि अकोला येथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आहेत आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही आहे. माझे म्हणणे इतकेच, की ही मदत दावा दाखल होण्याच्या वेळी येते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. ती वारसाच्या फेरफाराच्या वेळी यावी. शिवाय कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, मराठीपासून सर्वस्वी वेगळी. मराठीत छापलेली नोटीस वाचून तिचा अर्थ कोरकूत सांगणारी, गावातलीच एखादी शिकलेली मुलगी विधी स्वयंसेविका म्हणून नेमली गेली, तर ती पोस्टरे-पत्रकांपेक्षा किती तरी अधिक काम करील.

वनजमिनीच्या बाबतीत चित्र काहीसे आशादायक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) ने विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे आणि एकल कुटुंबप्रमुखाचा त्याच्या किंवा तिच्या नावे देण्याची सक्ती केली आहे, आणि हा हक्क वारसाने मिळतो, विकता येत नाही. ग्रामसभेच्या वनहक्क समितीत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. येथे रूढीचा अडसर नाही, वकिलाचीही फारशी गरज नाही. पट्ट्यावरील दुसरे नाव महसुली दप्तरात उतरताना गळू नये, एवढी दक्षता हवी.

अकोला जिल्ह्याचा प्रश्न मात्र निराळा आणि अधिक बिकट आहे. व्याघ्रप्रकल्पासाठी केलपाणी, गुल्लरघाट, अमोना अशी गावे उठवून अकोट आणि तेल्हारा तालुक्यांच्या सपाटीवर आणली गेली. धारणी व चिखलदरा हे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र आहे, अकोट-तेल्हारा नाही. पाचव्या अनुसूचीच्या परिच्छेद ५ प्रमाणे राज्यपालांना केंद्रीय कायदा अनुसूचित क्षेत्रास योग्य त्या बदलांसह लागू करता येतो, आणि महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०२० साली वनहक्कांच्या अपिलांसाठी हा अधिकार वापरलाही आहे. उत्तराधिकाराच्या कायद्याबाबत तो उद्या वापरला गेला, तर डोंगरावर राहिलेल्या कोरकू मुलीला वाटा मिळण्याचा मार्ग सरळ होईल. घाटाखाली आणून वसविलेल्या तिच्याच मावसबहिणीला मात्र केंद्राच्या अधिसूचनेची वाट पाहावी लागेल. ती अधिसूचना काढण्यासाठी संसदेत नवे विधेयक लागत नाही. १९५६ च्या पोटकलमातच तशी मुभा ठेवलेली आहे.