रक्त परत येताना होणारी इजा आणि मधुमेह



सभासदांना सवलतीच्या दराने साखर देणाऱ्या कारखान्याच्या पत्रिकेत ऊस विकास अधिकाऱ्याने मधुमेहावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गटागटांतून फिरताना आजकाल बांधावर लागणीपेक्षा 'तुमची शुगर किती?' हीच चौकशी जास्त ऐकू येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. तेव्हा विषय घरचाच आहे.

मूळ गोष्ट अशी. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. डॉक्टर इंजेक्शनने गुठळी विरघळवतात किंवा फुगा घालून वाहिनी मोकळी करतात. नातेवाईक म्हणतात, सुटलो. परंतु जे रक्त जीव वाचवायला परत येते, तेच येताना थोडी मोडतोडही करते. अमेरिकेत रॉबर्ट जेनिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग करून याकडे लक्ष वेधले.

हे कसे घडते ते आपल्या बॉयलरवरून सांगतो. हवेचा पंखा बंद पडला आहे आणि भट्टीत बगॅस मात्र साचत चालला आहे, असे समजा. मग पंखा एकदम पूर्ण जोराने सुरू केला तर भडका दारातून बाहेर येईल. कोणाही जुन्या फायरमनला विचारा. पेशीतही अशी भट्टी असते, तिला तंतुकणिका म्हणतात. प्राणवायू नसताना पेशीत सक्सिनेट नावाचे अर्धवट इंधन साचते. रक्ताबरोबर प्राणवायू परतला की ते झपाट्याने जळते आणि त्यातून अतिशय दाहक असे कण निघतात. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली हे दाखवून दिले. शिवाय पेशीत कॅल्शियम शिरते, तंतुकणिकेचा पडदा फुटतो, आणि तोवर तग धरून राहिलेली पेशी रक्त आल्यावर मरते.

दुसरी भानगड बारीक नळ्यांची. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना ही लगेच कळेल. मेन व्हॉल्व्ह उघडला, पाइपला दाब आहे, पण ड्रिपर चोंदलेले, म्हणून सरी कोरडी ती कोरडीच. हृदयाची मोठी वाहिनी मोकळी झाली तरी केसाएवढ्या वाहिन्या सुजून, पांढऱ्या पेशी चिकटून बंद राहू शकतात.

मधुमेहात ही दोन्ही कामे आधीच बिघडलेली असतात. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की तंतुकणिका एरवीही दाहक कण जास्त सोडतात, आणि ते विझवण्याची पेशीची ताकद कमी होते. बारीक वाहिन्या नीट फुलत नाहीत. रक्तातल्या बिंबिका लवकर चिकटतात. हे हृदयापुरतेच आहे असेही नाही. मेंदूचा झटका, फार वेळ रक्त अडलेला पाय मोकळा केल्यावर येणारी सूज, नवे बसवलेले मूत्रपिंड काही दिवस कामाला न लागणे, या सगळ्यांत ही क्रिया असते.

'मग वाहिनी उघडायलाच नको' असा अर्थ मात्र कोणी काढू नये. वाहिनी बंद राहिली तर तिच्या पुढचा जवळजवळ सगळा भाग मरतो. उघडली तर त्यातला बराच वाचतो. पाणी आल्यावर एखादी सरी फुटते म्हणून आपण पाण्याची पाळी सोडून देत नाही.

आता बचावाचे. ट्रेमधील ऊसरोपे शेतात लावण्याआधी आपण त्यांचे पाणी थोडे कमी करून ती काटक करून घेतो. हृदयही असे काटक करता येते, हे १९८६ साली मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी दाखवले. त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची वाहिनी पाच-पाच मिनिटे चार वेळा बंद करून सोडली, आणि मग सलग ४० मिनिटे बंद ठेवली. अशा हृदयात मेलेला भाग तयारी न केलेल्या हृदयाच्या एक चतुर्थांशच भरला. मात्र तीच वाहिनी तीन तास बंद ठेवल्यावर हा फायदा उरला नाही.

मधुमेही हृदय असे सहजी काटक होत नाही. लंडनमधील २००५ च्या प्रयोगात निरोगी उंदराच्या हृदयाला तयारीची एक फेरी पुरली, मधुमेही उंदराला तीन लागल्या. ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची जुनी गोळी प्रयोगांत ही तयारीच अडवते. (म्हणून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचे.)

प्रयोगशाळेतले यश दवाखान्यात मात्र उतरलेले नाही. दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून-सोडून हृदयाला तयार करण्याचा उपाय ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन व सर्बियात पाच हजारांवर रुग्णांवर करून पाहिला. २०१९ साली निष्कर्ष आला, फायदा नाही. सायक्लोस्पोरिन या औषधाचेही २०१५ साली तसेच झाले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीने हृदयविकार असलेल्या मधुमेहींचे मृत्यू घटले, हे २०१५ साली सिद्ध झाले. पण झटक्यानंतर लगेच ती सुरू करून मृत्यू किंवा हृदय कमजोर झाल्याने दवाखान्यात भरती होणे, हे दोन्ही मिळून ठळक कमी होते असे २०२४ च्या मोठ्या चाचणीत दिसले नाही. ज्यांना डॉक्टरांनी ती दिली आहे त्यांनी घ्यावी. झटक्यावरचा उतारा समजू नये.

साखर एकदम खाली ओढणे हाही उपाय नव्हे. अतिदक्षता विभागातील सहा हजारांवर रुग्णांच्या एका अभ्यासात (त्याचे नाव गमतीने 'नाइस-शुगर' असे होते, साल २००९) साखर फार काटेकोर खाली ठेवलेल्यांत मृत्यू उलट जास्त झाले. म्हणून दवाखान्यात साखर साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. खरी साखर आवरायची ती झटक्याच्या आधी, वर्षानुवर्षे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्यावी.

राहिली वेळ, आणि ती आपल्या हातात आहे. जितकी मिनिटे कमी, तितकी साचलेली घाण कमी. मधुमेहात नसा बधिर झाल्याने छातीत कळ येईलच असे नाही. नुसता दम लागणे, दरदरून घाम, मळमळ, एकाएकी गळून जाणे, एवढ्यावरच झटका येऊन गेलेला असतो. पित्त म्हणून सोडा पिऊन झोपू नये. १०८ ला फोन करावा आणि जिथे कार्डिओग्राम निघेल तिथे तडक जावे.

गळीत हंगामात आमच्या पाहण्यात येते ते असे, की टोळी फडात आली की माणूस दुखणे मागे ठेवतो. वाहन भरून जाऊ दे, मग बघू, म्हणतो. तर सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे, की घरात असा प्रसंग आला तर गट ऑफिसला किंवा चिटबॉयकडे नुसता निरोप द्या. तुमच्या फडाची तोड दोन दिवस मागे-पुढे करून घेण्याचे काम शेतकी खात्याचे.

— ऊस विकास अधिकारी