रस्तेविकासाचा अनुशेष व निधीवाटप : जालन्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची आणि विकासखर्चाच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. रस्ते हा या वाटपातील एक प्रमुख घटक होय. रस्त्यांचा निधी कोणत्या निकषावर ठरत गेला आणि त्या निकषातून काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अनुशेषाची संकल्पना :
राज्य शासनाने १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने १९८४ च्या अहवालात रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, आरोग्य आदी नऊ क्षेत्रांचा अभ्यास केला. राज्याची सरासरी हा मापदंड मानून जो जिल्हा त्याखाली, त्याची तूट म्हणजे ‘अनुशेष’, अशी ही संकल्पना होती. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी, म्हणजे साधारण २३.६ टक्के होता. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

निकषाची मर्यादा :
या पद्धतीत रस्त्याची लांबी मोजली जाते. त्याची अवस्था मोजली जात नाही. अनुशेषाचा निधी योजनांतर्गत खर्चातून येई, तर देखभाल-दुरुस्ती प्रामुख्याने योजनेतर खर्चात मोडत असे. २०१७-१८ पासून हा भेद रद्द झाला; तथापि नवे काम आणि जुन्याची निगा यांतील दरी केवळ शीर्षक बदलल्याने बुजत नाही.

जालन्याचे उदाहरण :
१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. येथील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे रस्त्याचा पाया लवकर ढिला होतो. त्यावर पोलाद उद्योगाच्या अवजड वाहतुकीचा भार पडतो. म्हणजेच समान लांबीच्या रस्त्यास येथे देखभालीची गरज अधिक आहे.

जबाबदारीही विभागलेली आहे. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील जुना व नवीन जालन्यातील अंतर्गत रस्ते २०२३ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेकडे आहेत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. तो राज्य रस्ते विकास महामंडळाने उभारला. त्याचा जिल्ह्यास पुरेसा लाभ व्हावा, यासाठी त्याला जोडणारे रस्ते वर्षभर वाहतूकयोग्य राहणे आवश्यक आहे.

समारोप :
अनुशेषाच्या संकल्पनेने मागास भागाला हक्काची भाषा दिली, हे तिचे योगदान निर्विवाद आहे. मात्र लांबीबरोबर मातीचा प्रकार, वाहतुकीचा भार व रस्त्याची अवस्था हे निकष जोडल्याशिवाय वाटप खऱ्या अर्थाने समन्यायी ठरणार नाही. कागदावर पूर्ण झालेला रस्ता पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत उखडला, तर अनुशेष दूर झाला असे म्हणता येत नाही.