पार्कमध्ये अडकलेला गिअर

दोषाचे स्थान
जुन्या ऑटोमॅटिक मोटारीचा गिअर लिव्हर ‘पार्क’मधून हलेनासा झाला, की संशय प्रथम गिअरबॉक्सवर जातो. तो बहुधा निराधार असतो. लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक विद्युत कुलूप, एक केबल आणि काही प्लास्टिकचे बुश असतात. वय आधी त्यांना गाठते.

शिफ्ट लॉक
ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर पार्कमधून निघू नये, यासाठी हे कुलूप असते. इग्निशन चालू असताना ब्रेक दाबला की पेडलजवळच्या स्विचमुळे लिव्हरखालच्या सोलेनॉइडला वीज मिळते आणि अडसर सरकतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० मोटारी अचानक वेग घेतात, अशा तक्रारी गाजल्या. त्या वादानंतर ही योजना रूढ होत गेली. १९८९ च्या सरकारी अहवालाने मुख्य ठपका ठेवला तो ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडलेल्या पायावर. म्हणजे हे कुलूप यंत्रासाठी नव्हे, चालकासाठी आहे.

ब्रेक लाइटची साक्ष
बहुतेक जुन्या मोटारींत हाच स्विच मागचे ब्रेक लाइट पेटवतो. म्हणून तपासणी गाडीच्या मागून सुरू करणे शहाणपणाचे. दिवे लागत नसतील तर फ्यूज किंवा स्विच गेलेला असण्याचा संभव मोठा. दिवे लागतात, पण लिव्हरखाली ‘टक्’ असा आवाज येत नाही, तेव्हा संशय सोलेनॉइडवर किंवा त्याच्या वायरवर. आवाज येऊनही लिव्हर अडलेलाच राहिला तर दोष यांत्रिक. कधीकधी तो कॉन्सोलमध्ये सांडून वाळलेल्या गोड चहाइतका किरकोळ निघतो. काही स्विचमध्ये दिव्यांसाठी आणि कुलुपासाठी वेगळे संपर्क असतात. तेथे ही कसोटी अपुरी पडते.

चढ-उतारावर
पार्कमध्ये गिअरबॉक्समधील दातेरी चाकात एक खिटी अडकते. हँडब्रेक न लावता उतारावर उभ्या केलेल्या गाडीचा सारा भार त्या खिटीवर येतो. मग लिव्हर जड होतो आणि सुटताना धक्का बसतो. हा बिघाड नव्हे. आधी हँडब्रेक ओढून गाडीचा भार त्यावर घेतला आणि मगच लिव्हर पार्कमध्ये नेला, तर खिटी मोकळी राहते.

केबल आणि बुश
लिव्हर सर्वच स्थानांत जड असेल तर केबल पाहावी. फाटलेल्या रबरी टोपणातून पाणी शिरून ती आतून गंजते. तेलाने आराम पडतो, पण तात्पुरता. चाकांना अडण्या लावून केबल गिअरबॉक्सकडून सोडवली की निदान पक्के होते: लिव्हर तरीही जड राहिला तर दोष केबलमध्ये किंवा लिव्हरमध्ये, हलका झाला तर पुढे गिअरबॉक्सकडे. बुश झिजल्यास उलटे घडते. लिव्हर सैल पडतो, दर्शकावर ‘पार्क’ दिसते आणि गिअरबॉक्स भलत्याच स्थानात असतो. अडकलेल्या लिव्हरपेक्षा हे अधिक धोक्याचे. नवा बुश बसवल्यावर केबलचे समायोजन करून इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू होते, याची खात्री करतात.

तात्पुरती सुटका
अनेक मोटारींत लिव्हरशेजारी शिफ्ट लॉकची कळ किंवा छोटे झाकण असते. हँडब्रेक लावून, ब्रेक दाबून ती कळ दाबल्यास लिव्हर सुटतो. मात्र दोष ब्रेकच्या स्विचचा असेल, तर गॅरेजपर्यंतच्या वाटेवर मागचे ब्रेक लाइटही बंदच असतात.