शिळेवरील रेखाचित्र

लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची नावे उच्चारताच महाराष्ट्रातील पुष्कळांच्या डोळ्यांपुढे राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी रंगविलेली रूपे उभी राहतात. त्यांची मूळ तैलचित्रे बहुधा राजवाड्यांत राहिली. घरोघरी गेल्या त्या छापील प्रती. चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत, असे सर टी. माधवराव यांनी १८८४ साली त्यांस पत्राने सुचविले होते. पुढे दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, रविवर्म्यांनी घाटकोपर येथे स्वतःचाच छापखाना काढला. आज खाडीच्या पूर्व काठावर नवी मुंबई वसली आहे, तिच्या समोरच्या तीरावरील हे ठिकाण होय. यंत्रे व कुशल कारागीर जर्मनीहून आले आणि ‘शकुंतलेचा जन्म’ हे पहिले चित्र छापून निघाले.

तैलचित्र व छापील चित्र यांच्यामध्ये एक रेखाचित्र असे. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक सारे कौशल्य तेथेच पणाला लागे. कारागीर प्रथम चित्राची केवळ बाह्यरेषा काढी. तीत चेहरा, वस्त्रे, दागिने तर असतच. पण एक रंग कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो, त्या सीमाही आखलेल्या असत. ही आकृती गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर उलटी उतरवीत, म्हणजे कागदावर ती सुलट उमटे. शिळेवर सरस्वतीची वीणा डावीची उजवीकडे जाई, आणि अक्षरेही उलटीच लिहावी लागत! मग त्याच आकृतीचे पुसट ठसे इतर शिळांवर घेत. कारण रंग जितके, शिळा तितक्या. प्रत्येक शिळेवर त्या त्या रंगाचा भाग तेलकट खडूने भरीत. शिळा ओली केली की कोऱ्या भागास पाणी धरे व तेलकट भागासच शाई लागे. एखादी शिळा केसभर सरकली, तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर येई.

त्याच काळात इंग्लंडमध्ये एडवर्ड बर्न-जोन्स हा चित्रकार ग्रीक पुराणातील पर्सियसची कथा रंगवीत होता. १८७५ साली आर्थर बाल्फोर यांनी त्यास हे काम दिले. त्याने मूळ चित्रांच्याच आकाराची दहा पूर्वचित्रे कागदावर केली; तैलचित्रे मात्र चारच पुरी झाली. ती दहाही पूर्वचित्रे साउदॅम्प्टनच्या कलादालनात जपलेली आहेत.

शिळेवरील रेषेच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आले. शिळा महाग व जड. काम संपले की ती घासून, पूर्वीची आकृती पुसून, पुढच्या चित्रास घेण्याची शिळाछापाची रीतच होती. चित्राखाली नाव छापले जाई ते रविवर्म्यांचे व छापखान्याचे. खडू चालविणारा हात अनामिकच राही. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. १९७२ साली तेथे आग लागली आणि तीत पुष्कळ जुनी चित्रे जळून गेली.