कर्ज नाकारले, पण का? ओमानमधील मराठी कुटुंबांची अडचण

मस्कतच्या रुवी, दारसैत किंवा वादी कबीर भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला विचारा, इतक्या उन्हातान्हात कमाई कशासाठी चालली आहे? पहिले उत्तर मुलांच्या शिक्षणाचे मिळेल आणि दुसरे घराचे. हे घर बहुधा ओमानमध्ये नसते. ते पुण्यात, ठाण्यात नाहीतर रत्नागिरीकडच्या एखाद्या गावात असते, किंवा अजून नुसते मनातच असते.

आपले पूर्वज कोकणातून मॉरिशसला आले आणि इथलेच झाले. त्यांनी इथे जमीन घेतली, घरे बांधली. ओमानमधल्या आपल्या बांधवांचे तसे नाही. तिथला मुक्काम नोकरीच्या करारावर आणि रहिवासी कार्डावर चालतो. नोकरी संपली की परत जायचे. म्हणून मायदेशातले घर ही त्यांच्यासाठी हौस नसून म्हातारपणाची सोय आहे. अशा घरासाठी बँकेकडे अर्ज केला आणि काही आठवड्यांनी “आपला अर्ज मंजूर होऊ शकत नाही” एवढीच एक ओळ हाती आली, तर माणूस गोंधळून जातो. पगार वेळेवर येतो, कुणाचे देणे नाही, मग नकार कशाला?

ओमानमध्येच घर घ्यायचे म्हटले तरी वाट अरुंद आहे. परदेशी माणसाला पूर्ण मालकीने घर घेता येते ते मुख्यतः २००६ च्या शाही फर्मानाने ठरवलेल्या पर्यटन संकुलांत, म्हणजे मस्कतचे अल मौज (पूर्वीचे ‘द वेव्ह’) किंवा जबल सिफा अशा ठिकाणी. फोरमन किंवा हिशेबनीस माणसाच्या आवाक्यातले हे काम नव्हे. शिवाय तिथली बँक पगार आपल्याच खात्यात यावा म्हणते आणि मालक कोणती कंपनी आहे हेही पाहते. २०१९ च्या फर्मानाने तिथे ‘मालाआ’ हे पतमाहिती केंद्र स्थापन झाले. तिथे घेतलेल्या कर्जांची नोंद त्यात राहते, आणि आपली नोंद आपल्याला मागता येते.

पण बहुतेकांचा अर्ज भारतातल्या बँकेकडे असतो आणि गाठ तिथेच पडते.

पहिली गोष्ट पतनोंदीची. भारतात सिबिल ही संस्था २००० साली निघाली. आज अशा चार कंपन्या आहेत आणि सिबिल ३०० ते ९०० या मापात गुण देते. पंधरा वर्षे मस्कतला काढलेल्या माणसाच्या नावावर भारतात काहीच नोंद नसते, आणि कोरी पाटी बँकेला फारशी आवडत नाही. दुसऱ्या कुणाची पाटी कोरी नसते, पण ते त्याला ठाऊक नसते. आखाताकडे निघताना मुंबईतले क्रेडिट कार्ड तसेच राहिले, वार्षिक फी साचत गेली, पत्रे जुन्या खोलीच्या पत्त्यावर गेली. किंवा मित्राच्या कर्जाला जामीन राहिला आणि मित्राने हप्ते थकवले. जामीनदाराच्या नोंदीवरही तो डाग पडतो.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे, आणि लग्नानंतर बाईचे सगळे नावच बदलते. पॅन कार्डावर एक, पासपोर्टावर दुसरे, रहिवासी कार्डावर अरबीतून इंग्रजीत आलेले तिसरेच स्पेलिंग! संगणकाला ही तीन माणसे वाटतात.

तिसरी गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. पुष्कळदा बँक माणसाला नाकारत नाही, घराला नाकारते. वकील कागद तपासतो, मूल्यमापक जागा पाहतो आणि शेरा मारतो. कोकणातल्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा उघडला तर त्यावर आजोबांचे नाव, खाली चुलते, आत्या, त्यांची मुले. वारसनोंद झालेली नाही, फेरफार अपुरा, वाटणी तोंडी. अशी जमीन तारण घ्यायला कोण धजेल? कुठे जमीन बिगरशेती झालेली नसते, कुठे इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नसते. परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. बिल्डरचा माणूस हे सांगत बसत नाही. एका ठिकाणी नकार आला म्हणून अर्जदार दुसऱ्या, तिसऱ्या बँकेत धावतो. प्रत्येक अर्जाची चौकशी पतनोंदीत उमटते, आणि मूळ दोष मात्र सातबाऱ्यावर तसाच राहतो.

चौथे कारण नोकरीचे. करार ठरावीक मुदतीचा, कर्ज वीस वर्षांचे आणि अर्जदार पन्नाशीचा. पगार रियालमध्ये. एक रियाल अडीच डॉलरहून मोठा. (त्याच्या हजाराव्या भागाला तिथे बैसा म्हणतात, आपल्या पैशाचाच तो भाऊ.) तरीही नोकरी गेली तर हप्ता कोण भरणार, हा बँकेचा प्रश्न अगदीच गैर म्हणता येत नाही.

गैर आहे ते कारण न सांगणे. अमेरिकेत १९७४ च्या समान कर्जसंधी कायद्यात १९७६ साली सुधारणा झाली, तेव्हापासून नाकारलेल्या अर्जदाराला कारण मागण्याचा हक्क आहे. भारतातही रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार नकाराची मुख्य कारणे लेखी कळवायची असतात. नकार पतनोंदीमुळे असेल तर २००५ च्या पतमाहिती कायद्याखालच्या नियमांप्रमाणे तीस दिवसांत कारणासह त्या अहवालाची प्रतही द्यावी लागते. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. शाखेला लेखी विचारावे, तारीख आणि अर्ज क्रमांक घालून. उत्तर आले नाही तर बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. लोकपाल कर्ज मिळवून देणार नाही, कारण कर्ज द्यावे की नाही हा बँकेचा व्यापारी निर्णय आहे. पण कारण का दडवले, हे तो विचारू शकतो.

२०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो अर्जाच्या आधी मागवावा. चूक दिसली तर दुरुस्ती मागावी. तीस दिवसांत तक्रार मिटली नाही तर २०२४ पासून दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. आपल्याकडेही बँक ऑफ मॉरिशसचा असाच पतमाहिती विभाग २००५ च्या डिसेंबरपासून चालू आहे. कर्ज काढायच्या आधी त्यात आपली नोंद कशी आहे हे आपल्यापैकी किती जण पाहतात, कोण जाणे.

गावाकडे भावाला किंवा मेहुण्याला कागद पुरे करायला सांगायचे तर कुलमुखत्यारपत्र लागते. मस्कतच्या भारतीय दूतावासात ते साक्षांकित करून घेता येते. मात्र ते महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यारपत्र कपाटात पडून राहिले आणि मुदत टळली, की वारसनोंदीचे काम तिथेच अडते आणि त्याच्या मागे कर्जाचा अर्जही.